एप्रिल-मेच्या सुट्टीत हिमालय : उरलेला बर्फ टाळून वाट कशी निवडायची

प्रश्न असा आला आहे : "आम्ही बेळगाव, खानापूर आणि निपाणीचे मिळून आठ जण. त्यात दोन शिक्षक, तेरा-चौदा वर्षांची दोन मुलं आणि ५८ वर्षांचे एक काका. सह्याद्रीत भरपूर चाललोय, बर्फावर मात्र कधीच नाही. शाळेच्या सुट्टीत, म्हणजे ११ एप्रिल ते मे अखेर या काळात, हिमालयात पाठीवर सॅक घेऊन पाच-सहा दिवस चालायचं आहे. वाटेत बर्फ नको. कुठे आणि केव्हा जावं?"

थोडक्यात उत्तर आधी देतो. एप्रिलमध्ये जाणार असाल तर मुक्काम आणि माथा दोन्ही शक्यतो ३,००० मीटरच्या आत ठेवा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात उन्हाच्या बाजूच्या वाटांनी ३,५०० मीटरपर्यंत जाता येतं. ४,००० मीटरच्या वरच्या खिंडी या सुट्टीत तुमच्यासाठी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जूनच्या मध्यानंतर आणि काही तर जुलैत मोकळ्या होतात. दुसरी गोष्ट आरक्षणाची. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या गाड्या लगेच भरतात. त्या वेळी वरचा बर्फ किती उरणार हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आत्ता फक्त पायथ्याचं गाव ठरवा, असं गाव की जिथून कमी-जास्त उंचीच्या दोन-तीन वाटा निघतात. त्यातली कुठली चालायची ते निघायच्या आठवड्यात ठरवा. बहुतेक गट नेमकं उलटं करतात. फेब्रुवारीत एका माथ्याचं नाव पक्कं करतात आणि एप्रिलमध्ये तिथे गुडघाभर बर्फ असला तरी आता आलोच आहोत म्हणून पुढे जातात.

वर दिलेले उंचीचे आकडे ढोबळ आहेत. वाटेचा निकाल तिच्या सरासरी उंचीवर लागत नाही, तिच्यातल्या सगळ्यात सावलीच्या अर्ध्या किलोमीटरवर लागतो. पाचातले चार दिवस कोरडे जातील आणि पाचव्या दिवशी एका घळीत चाळीस मीटर रुंदीचा कडक बर्फाचा पट्टा आडवा येईल. खाली ओढा, वर कडा. मुलांना घेऊन तिथून परतच फिरावं लागतं. तो अर्धा किलोमीटर घरबसल्या कसा हुडकायचा, हेच या उत्तरात सांगायचं आहे.

सगळ्यात आधी उताराचं तोंड कुठे आहे ते पाहा. बेळगावात मेच्या सुरुवातीला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे डोंगराच्या उत्तर आणि दक्षिण अंगातला फरक आपल्या डोळ्यांत फारसा भरत नाही. हिमालय कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडेच असतो. ३१ अंश अक्षांशावर, म्हणजे कुलू-गढवालच्या पट्ट्यात, डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीचा सूर्य जेमतेम ३६ अंश वर चढतो. त्याहून तीव्र असलेल्या उत्तर उतारावर कित्येक आठवडे थेट ऊन पडतच नाही. तिथे पडलेला बर्फ साठत जातो, दाबला जातो आणि मे महिन्यातही टिकून असतो. त्याच डोंगराच्या दक्षिण अंगावर मात्र मार्चमध्येच गवत दिसायला लागतं. एकाच दरीत या दोन बाजूंच्या बर्फरेषेत चार-पाचशे मीटरचा फरक कित्येकदा असतो. उतार साधारण या क्रमाने मोकळे होतात : आधी दक्षिण आणि नैर्ऋत्य, मग पश्चिम, मग पूर्व, सगळ्यात शेवटी उत्तर आणि ईशान्य. पूर्वेच्या उताराला सकाळचं ऊन मिळतं, पण ते रात्रभर गोठलेला थर सैल करण्यातच खर्च होतं. पश्चिमेला तापलेल्या दुपारचं ऊन मिळतं.

याचं चांगलं उदाहरण हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यातलं खीरगंगा, उंची साधारण २,९५० मीटर. बरशैणीहून तिथे दोन वाटा जातात. नकथानची वाट बरीचशी नदीच्या उत्तर काठाने, उघड्या, दक्षिणेला तोंड असलेल्या उतारावरून जाते आणि शेवटी पूल ओलांडून जंगलात शिरते. कलग्याची वाट दुसऱ्या काठाने, उत्तरेला तोंड असलेल्या दाट जंगलातून जाते. ठिकाण तेच, उंची तीच, पण एप्रिलच्या सुरुवातीला कलग्याच्या वाटेवर बर्फ आणि चिखल असू शकतो तेव्हा नकथानच्या वाटेवर धूळ उडत असते. म्हणून "खीरगंगेला बर्फ आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या वाटेने, हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट घळी आणि नाले. हिवाळ्यात वरून कोसळलेले हिमलोट घळीत येऊन थांबतात. हा बर्फ साधा पडलेला नसतो. दगड, माती, मोडलेली झाडं यांसह घट्ट दाबलेला असतो. त्यामुळे आजूबाजूचा उतार हिरवा झाला तरी घळीतला ढीग मे-जूनपर्यंत राहतो, कधी कधी २,७०० मीटरइतक्या खालीही. कुमाऊँतल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवर द्वालीच्या पुढे फुरकियाकडे जाताना हे नीट दिसतं. वाट सोपी, रुंद, पण एकामागून एक नाले आडवे येतात. नकाशावर वाट किती घळी ओलांडते ते मोजा आणि प्रत्येक घळीचं डोकं किती उंचावर आहे तेही बघा. घळ ४,००० मीटरच्या वरून उतरत असेल तर तिच्या तळाशी मेमध्येही बर्फ आहे असंच धरून चाला. सोंडेवरून किंवा धारेवरून जाणाऱ्या वाटेला घळी लागत नाहीत, म्हणून त्याच उंचीची धारेची वाट दरीतल्या वाटेपेक्षा लवकर मोकळी होते.

तिसरी गोष्ट प्रदेशाची. पश्चिम हिमालयात, म्हणजे काश्मीर, हिमाचल आणि गढवालमध्ये, हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेच्या पट्ट्यांमुळे पडतो. हे विक्षोभ पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेकडे जाताना सहसा क्षीण होतात. त्यामुळे काश्मीर आणि पीर पंजालच्या रांगेत बर्फ जास्त, कुमाऊँत कमी. दार्जिलिंग-सिक्कीमकडे वर्षाचा बहुतेक पाऊस मान्सूनचाच, हिवाळी बर्फाचा थर तुलनेने पातळ. लडाख पर्वतरांगांच्या पलीकडे असल्याने तिथेही बर्फ कमीच पडतो. म्हणून ३,६०० मीटरचा संदकफू एप्रिलमध्ये मोकळा असतो, आणि तेवढ्याच उंचीची गढवालमधली कुआरी खिंड त्याच वेळी बर्फात असू शकते.

मग खाली-खालीच राहिलं तर? त्यालाही मर्यादा आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. उत्तराखंडात साधारण १,८०० मीटरच्या खाली चीड-पाइनची जंगलं आहेत. एप्रिल-मेमध्ये तिथे वणवे लागतात, हवा धुराने भरते आणि दुपारचं ऊन आपल्या चंदगड-खानापूरच्या उन्हाइतकंच भाजतं. शिवाय बर्फ नाही म्हणजे धारेवर पाणीही नाही. नाग टिब्ब्यासारख्या ३,००० मीटरच्या धारेवर एप्रिलअखेर पाण्याचे झरे आटलेले असू शकतात. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर वाहायची तयारी लागते. म्हणून तुमच्यासाठी एप्रिलमधला खरा पट्टा २,००० ते ३,००० मीटरचा.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मिळाला तर उत्तम. त्यावर डोंगराळ भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ४० मीटरच्या अंतराने असतात. हिशोब सोपा आहे : लगतच्या दोन रेषांमधलं कागदावरचं अंतर १.४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो उतार ३० अंशांहून तीव्र आहे. हिमलोट सहसा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि पाय घसरला तर माणूस थांबत नाही तो उतारही हाच. तुमची वाट जिथे असा उतार आडवा कापते आणि तो उतार उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे बघतो, तिथे पेन्सिलने खूण करा. ३,००० मीटरच्या वर अशा खुणा दोनपेक्षा जास्त झाल्या तर ती वाट एप्रिलसाठी सोडून द्या. मोबाइलवर ओपनटोपोमॅप वापरत असाल तर आधी रेषांमधलं अंतर किती मीटरचं आहे ते बघून हिशोब बदला. गुगल अर्थवर डोंगर फिरवून उताराचं तोंड चटकन कळतं, पण तिथे दिसणारा बर्फ कधीचा आहे याचा भरवसा नसतो. चित्र दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचंही असू शकतं. गुगल अर्थ तोंड बघायला वापरा, बर्फ बघायला नको.

बर्फ बघायला सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं आहेत. ती कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवीन चित्र येतं आणि त्यात दहा मीटरचा तपशील दिसतो. निघायच्या महिनाभर आधीपासून दर आठवड्याला बघायची सवय ठेवा. साध्या रंगात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरेच दिसतात आणि नवखा माणूस तिथे फसतो. म्हणून 'एसडब्ल्यूआयआर' (SWIR, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातला) हा थर निवडा. त्यात बर्फ निळसर दिसतो आणि ढग बहुधा पांढरे राहतात. मग आपल्या दरीत दक्षिण उतारावर बर्फ कुठल्या उंचीला संपतो आणि उत्तर उतारावर कुठे, हे दोन आकडे तारखेसह वहीत लिहा. समजा उत्तर उतारावरची रेषा १० एप्रिलला २,९०० मीटरवर होती आणि २० एप्रिलला ३,०५० वर गेली. म्हणजे दहा दिवसांत दीडशे मीटर. पुढचा अंदाज बांधताना हा वेग निम्माच धरा, कारण मध्ये एखादा विक्षोभ येऊन दोन दिवस नवा बर्फ टाकून जातोच. या चित्रांची एक मोठी उणीव लक्षात ठेवा : देवदार, रई आणि खरसू ओकच्या दाट जंगलाखालचा बर्फ वरून दिसत नाही. चित्रात हिरवं दिसतं आणि आत झाडांच्या सावलीत मांडीभर बर्फ असतो. जंगलातल्या उत्तर उताराबद्दल उपग्रहावर नाही, माणसावर विसंबा.

माणूस म्हणजे वाटेवरच्या शेवटच्या गावातला घरमालक, खेचरवाला, वनखात्याच्या चौकीवरचा पहारेकरी. फोन करताना "ऊपर बर्फ है क्या?" असं विचारू नका. पाहुणा बर्फ बघायला येतोय असं समजून "हाँ जी, बहुत है" म्हणतील, नाहीतर पाहुणा घाबरेल म्हणून "कुछ नहीं, सब साफ है" म्हणतील. दोन्ही उत्तरं प्रेमापोटीच येतात. खरी माहिती काढणारे प्रश्न वेगळे :

"खच्चर आज कहाँ तक जा रहे हैं?" भुसभुशीत बर्फात खेचराचा पाय रुततो आणि मोडतो, म्हणून मालक त्याला तिथे नेत नाही. खेचर थांबतं तिथून पुढे तुम्हाला बर्फ लागणार.

"भेड़ें ऊपर गईं क्या?" हिमाचलात गद्दी मेंढपाळ वितळत्या बर्फामागोमाग वर सरकतात. मेंढरं कुठल्या थाचावर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, पोचली ते कळलं की मोकळी उंची कळते.

"नाले पर पुल लगा है?" हिवाळ्यात ओंडक्यांचे पूल वाहून जातात आणि गावकरी ते मे महिन्यात पुन्हा टाकतात. बर्फ नसलेली पण पूल नसलेली वाटही तुमच्यासाठी बंदच आहे.

"पिछले हफ्ते कौन गया था, और कहाँ से लौटा?" कुणीच गेलं नसेल तर तेच उत्तर.

दोन वेगळ्या माणसांना विचारा आणि दोन दिवसांच्या अंतराने विचारा.

काही खुणा फसव्या असतात. घाटरस्ता उघडला म्हणजे पायवाट उघडली असं नाही. रोहतांगसारख्या ३,९७८ मीटरच्या खिंडीतला रस्ता यंत्रांनी बर्फ कापून मोकळा करतात. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती तशाच असतात. मंदिराचे दरवाजे उघडले म्हणजेही नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि कपाट एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात उघडतं, पण ते पंचांग पाहून. वाटेवरचा बर्फ माणसं लावून काढावा लागतो. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचं फाटक १ एप्रिलला उघडतं, म्हणून गोमुखाची वाट त्या दिवशी कोरडी असते असं नाही. आणि गेल्या वर्षीचे फोटो तर सगळ्यात फसवे. एखाद्या वर्षी हिवाळा कोरडा जातो आणि मार्चमध्ये माथे उघडे पडतात. पुढच्या वर्षी मार्चअखेर दोन जोरदार विक्षोभ येतात आणि सगळं तीन आठवडे मागे जातं. बर्फाचा हिशोब त्या-त्या वर्षीच करायचा.

आता प्रत्यक्ष वाटा. ११ ते ३० एप्रिलमध्ये जाणार असाल तर तुमच्या गटासाठी माझी पहिली पसंती संदकफूला; ३,००० मीटरच्या मर्यादेला हा अपवाद, कारण तिकडे हिवाळी बर्फ पातळ असतो. दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनहून किंवा धोत्रेहून चढून सिंगालीला धारेने ३,६३६ मीटरवर जायचं, पुढे हवं तर फालूतपर्यंत. वाट धारेची, त्यामुळे हिमलोटांच्या घळी आडव्या येत नाहीत. मुक्कामाला लॉज आहेत, म्हणजे तंबू आणि चुलीचं ओझं वाचतं आणि मुलांच्या सॅक सहा किलोच्या आत राहतात. एप्रिलमध्ये लालीगुरांस, म्हणजे बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन), फुललेला असतो. एप्रिलमध्ये कधी नवा बर्फ पडलाच तर तो सहसा एक-दोन दिवसांत जातो. वाईट बाजू अशी की बेळगावहून प्रवास लांबचा, आणि दुपारनंतर ढग दाटून गारा पडतात. आपल्याकडच्या वळवासारखंच तेही दुपारीच गाठतं, म्हणून सकाळी सहाला निघून एकच्या आत मुक्काम गाठायचा. एवढ्या लांब जायचं नसेल तर हिमाचलातलं बंजार धरा. तिथून तीर्थन खोऱ्यात गुशैणीहून ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातल्या रोल्ल्याला जाता येतं. ते साधारण २,१०० मीटरवर, नदीकाठाने, सुरक्षित. परवाना साई रोपा इथल्या उद्यानाच्या कार्यालयात मिळतो. वरची परिस्थिती चांगली कळली तर त्याच सहलीत ३,१२० मीटरची जलोडी खिंड आणि तिथून ओकच्या जंगलातून सरेऊलसर तळं. जंगलाची सावली असल्याने एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात या तळ्याच्या वाटेवर बर्फाचे तुकडे राहू शकतात, पण वाट बरीचशी सपाटीची आहे, घसरून कुठे जायची भीती कमी. गढवालमध्ये सारी गावाहून देवरियाताल, उंची २,४३८ मीटर, आणि तिथून जंगलातून चोपता, हाही पर्याय आहे. चोपत्याहून वर ३,६८० मीटरच्या तुंगनाथाला मात्र एप्रिलमध्ये वरच्या वळणांवर कडक बर्फ असतो. तिथे हॉटेलवाले बुटांना लावायच्या काटेरी साखळ्या भाड्याने देतात. त्या भाड्याने मिळतात म्हणजेच वर बर्फ आहे, एवढा अर्थ काढून खाली थांबा.

धर्मशाळेवरचं त्रिउंड आठवडाभराच्या चालीसाठी लहान आहे, पण बर्फरेषा समजून घ्यायला त्याच्यासारखी जागा नाही. धौलाधारच्या दक्षिण अंगावर २,८५० मीटरच्या आसपासचं हे पठार एप्रिलमध्ये कोरडं असतं आणि समोरच ४,३४२ मीटरच्या इंद्रहार खिंडीकडे जाणारी घळ बर्फाने भरलेली दिसते. त्रिउंडपर्यंत जावं, त्यापुढे या सुट्टीत नाही.

१ ते १५ मे हा अवघड पंधरवडा. खाली ऊन तापलेलं, वर बर्फ वितळत असलेला, सगळीकडे ओल आणि चारधामाची गर्दी सुरू झालेली. या दिवसांत गढवालमधलं सांकरी हे गाव पायथ्याला धरा आणि हर-की-दूनच्या वाटेने ओसला-सीमा या गावांपर्यंत जा. तिथे मुक्काम ठेवून पुढची स्थिती बघा. पुढे ३,५०० मीटरपर्यंतची चाल चांगली उघडी आहे, पण शेवटच्या टप्प्यातल्या नाल्यांत बर्फ असेल तर ओसल्याहूनच परत फिरा. तेवढीही चाल भरघोस आहे. सांकरीहूनच केदारकंठाही आहे, ३,८०० मीटरचा. एप्रिलमध्ये त्याच्या माथ्यावर बर्फ असतो, म्हणून तो तुमच्या यादीत शेवटी.

१६ मेनंतर निवड वाढते. हर-की-दून पूर्ण करता येतं. उत्तरकाशीजवळ रैथलहून दयारा बुग्याल होतं, पण इथे एक नियम माहीत हवा : उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आहे. म्हणजे तंबू खालच्या जंगलात लावायचा, आणि जंगलातली सपाटी बुग्यालापेक्षा उशिरा कोरडी होते. पिंडारीच्या वाटेवर खाती, द्वाली, फुरकिया इथे कुमाऊँ मंडल विकास निगमची विश्रामगृहं आहेत. फुरकियाला जाऊन परत यायचं ठरवा, आणि नाले बर्फाने भरले असतील तर द्वालीहूनच. पैसे आणि दिवस असतील तर लडाखचं शाम खोरं, लिकीरहून तेमिसगामपर्यंत. वाटेतल्या सगळ्या खिंडी ४,००० मीटरच्या आत, उतार कोरडे, गावोगावी घरात मुक्काम. तिथला धोका बर्फाचा नाही, उंचीचा आहे. बेळगाव ७५० मीटरवर, लेह ३,५०० वर. विमानाने उतरल्यावर पूर्ण दोन दिवस लेहमध्येच बसायचं, काकांसाठी तर हे अजिबात सोडायचं नाही. इतर ठिकाणीही ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

सार पास, हमटा, भृगू, रूपिन, बुरान घाटी ही नावं कुणी सुचवली तर या वर्षी नको म्हणा. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची मे महिन्यातली सार पास मोहीम आपल्याकडे बऱ्याच जणांनी केली आहे आणि ती चांगली मोहीम आहे, पण ४,२०० मीटरवर मेमध्ये बर्फावर चालणं हा तिचा भागच आहे. ज्यांना बर्फ हवा त्यांच्यासाठी ती.

इतकं करूनही एखादा पट्टा आडवा येतोच, तेव्हा काय करायचं ते आधी ठरलेलं असावं. पहिला प्रश्न : घसरलो तर कुठे थांबेन? खाली सपाट गवत असेल तर सावकाश ओलांडता येईल. खाली कडा, दगडांचा ढीग किंवा ओढा असेल तर परत, यावर चर्चा नाही. दुसरा प्रश्न वेळेचा. पहाटे बर्फ काचेसारखा कडक असतो, साध्या बुटाने घसरतो. दुपारी तोच इतका मऊ होतो की पाय मांडीपर्यंत जातो आणि आत दगडात अडकून मुरगळतो. उतार सौम्य असेल तर ऊन लागून वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सैल झाला की, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, ओलांडणं सगळ्यात सोयीचं. एकेकाने जा, पुढच्याने बुटाच्या टोकाने दहा-बारा सेंटिमीटर खोल, किंचित आत झुकलेल्या पायऱ्या ठोकाव्यात, बाकीच्यांनी त्याच पायऱ्यांत पाय ठेवावा. मोठ्या दगडाच्या किंवा झाडाच्या बुंध्याच्या अगदी लगतून जाऊ नका. ते उन्हाने तापून भोवतीचा बर्फ आतून पोकळ करतात. बर्फाखालून पाण्याचा आवाज येत असेल तर तो बर्फाचा पूल आहे. तो किती जाड आहे हे वरून कळत नाही. आठ जणांच्या, मुलं असलेल्या गटाने तो ओलांडू नये. उघडा नाला ओलांडायचा तर सकाळी. वितळलेलं पाणी दुपारनंतर वाढत जातं आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतं. नाला ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा.

जुना बर्फ टाळता येतो, नवा बर्फ वाटेवरच गाठू शकतो. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल वाटेवर बहुतेक कर्नाटकातल्याच असलेल्या २२ जणांच्या गटाला ४,००० मीटरच्या वर हिमवादळाने गाठलं आणि ९ जणांचा जीव गेला. तारीख जूनची होती, मेची सुट्टी संपून गेलेली. म्हणून ३,००० मीटरच्या वर जाताना प्रत्येकाच्या सॅकमध्ये, अगदी मुलांच्याही, पाऊस न शिरणारं जाकीट, एक उबदार थर, टोपी, हातमोजे आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा कपड्यांचा जोड असलाच पाहिजे. सगळं एकाच खेचरावर लादू नका; वादळात खेचर एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असतात. निघायच्या आधी हवामान खात्याच्या शिमला किंवा देहरादून केंद्राचा अंदाज बघा आणि त्यात पश्चिमी विक्षोभाचा उल्लेख असेल तर दोन दिवस खालीच थांबा. तापमानाचा अंदाज स्वतः काढता येतो : हजार मीटरला साडेसहा अंश वजा. मनालीत, म्हणजे २,०५० मीटरवर, रात्रीचं तापमान १० अंश असेल तर ३,६०० मीटरवर ते शून्याच्या आसपास असणार.

बुटांबद्दल एवढंच : सह्याद्रीत आपण वापरतो ते कापडी हंटर बूट ओल्या बर्फात दहा मिनिटांत भिजतात आणि थंडीत दोन दिवस वाळत नाहीत. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट घ्या आणि महिनाभर आधी इथेच घालून चाला. मार्चमध्ये दर रविवारी पहाटे राजहंसगड किंवा वैजनाथ-महिपाळगड पाठीवर आठ-दहा किलो घेऊन करा. मुलांना चार किलो पुरे. बर्फाचे तुकडे पार करण्यापुरता माणशी एक काठी आणि चांगला गॉगल पुरतो. गॉगल फॅशनचा नको, अतिनील किरण पूर्ण अडवणारा हवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन डोळे उघडत नाहीत. गॅसच्या नळ्या रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाहीत, दिल्ली-देहरादूनला घ्या. निव्वळ ब्यूटेनची नळी मात्र नको. ब्यूटेन शून्याच्या जवळ वायू होणंच थांबवतो आणि पहाटे चहाही होत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण मागा.

सुट्टी बदलता येत असेल तर ऑक्टोबरमधल्या दसऱ्याच्या सुट्टीचा विचार जरूर करा. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना ती मिळते, तेव्हा मान्सून संपलेला असतो, आकाश स्वच्छ असतं आणि आज मी ज्या ३,५०० मीटरच्या वाटांना नको म्हटलं, त्यातल्या बहुतेक तेव्हा कोरड्या असतात.

एप्रिल-मेच पक्कं असेल तर वेळापत्रक असं ठेवा. आरक्षण उघडताच गाडी घ्या. हिमाचल-गढवालला जायचं तर बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट हजरत निजामुद्दीनला जाते. पायथ्याच्या गावात पहिले दोन मुक्काम तेवढेच पक्के करा, पुढचे नाहीत. तीस दिवस आधीपासून उपग्रहाची चित्रं, दहा दिवस आधी पहिला फोन, पाच दिवस आधी दुसरा, पायथ्याला पोचल्यावर समोरासमोर तिसरी चौकशी. तिन्ही वेळा खेचराच्या प्रश्नाला वाट मोकळी असल्याचं तेच उत्तर आलं तर वरची वाट धरा, बदललं तर खालची. परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे सोडा आणि ते मोकळे आहेत हे गटातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. गाडी चुकेल या धाकानेच माणसं दुपारच्या मऊ बर्फात शिरतात.